सरवा वेचणारी रूथ आणि आपला नवा शेजारी



२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. लालबाग-परळच्या मिरवणुका रात्रभर गिरगाव चौपाटीकडे चालल्या होत्या. पहाटे चारच्या सुमारास तिकडे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जवळजवळ आठ हजार माणसे गेली. वाचलेल्यांपुढे प्रश्न होता: आता कुठे आणि कसे जगायचे?

पवित्र शास्त्रात हाच प्रश्न नामीपुढे उभा राहतो. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून ती पती व दोन मुलांसह मवाब देशात गेली. तिथे तिघेही वारले. ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर आलेली सून रूथ बेथलेहेमात परकी होती. बवाजाने तिला आपल्या शेतात सरवा वेचू दिला. तिला कोणी हटकू नये, अशी गड्यांना ताकीद दिली. एवढेच नव्हे, तर पेंढ्यांतली काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम टाकत जायला सांगितले. रूथ स्वतःच्या कष्टाने जगली. बवाजाने त्या कष्टाला जागा करून दिली. ह्यातून आपण तीन गोष्टी शिकू.

१. निवारा ही केवळ सुरुवात आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. भूकंपात टिकतील अशी घरे बांधली, रुंद रस्ते आखले. घर २५०, ४०० की ७५० चौरस फुटांचे, हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. लोकांना पक्के छप्पर मिळाले, हे मोठेच काम झाले. पण अरुंद बोळातला, हाकेच्या अंतरावरचा जुना शेजार मोडला. तो सरकारी आराखड्यात मावत नाही. तो माणसांनाच पुन्हा जोडावा लागतो.

२. मदतीला वर्षे द्यावी लागतात. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्याला आणली आणि वाघोली येथे त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची सोय केली. ब्लँकेट एका दिवसात वाटता येते. गाव सोडून आलेले मूल वाढवायला मात्र वर्षे लागतात.

३. हाताला काम आणि तोंडात भाषा हवी. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला. हजारो हैतीवासी पोटासाठी ब्राझीलला गेले. २०१२ पासून त्या देशाने त्यांना खास व्हिसा दिला. पण हैतीची भाषा क्रेओल, ब्राझीलची पोर्तुगीज. साव पाउलो शहरात स्थलांतरितांची सेवा करणाऱ्या स्कालाब्रिनी संघाच्या धर्मगुरूंनी आपल्या धर्मग्रामात त्यांना अंथरूण दिले, पोर्तुगीजचे वर्ग भरवले. कामगार हवे असलेले मालक तिथेच येऊन माणसे नेत. पुढे ब्राझीलमध्ये कामे आटली, तेव्हा पुष्कळांना पुन्हा बिऱ्हाड उचलावे लागले. काम नसेल तर घरही टिकत नाही.

हे आपल्याला नवे नाही. आपले गिरणगाव कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांनीच उभे केले. नवखा माणूस गावकीच्या खोलीत वळकटी टाकी, खानावळीत जेवे, आणि कोणी गाववाला जॉबरकडे शब्द टाकून त्याला बदलीचे काम मिळवून देई. शब्द टाकणारा श्रीमंत नव्हता. तोही काल-परवाच आलेला होता!

आजही दुष्काळाने, पुराने गाव सुटलेली माणसे मुंबईत येतात. ती मजूर नाक्यावर उभी असतात, उंच इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहतात, आपल्या घरी भांडी घासतात. आपण त्यांना जुने कपडे देतो, ते चांगलेच. पण बवाजाने रूथची आधी विचारपूस केली होती. आपल्याला त्यांचे नाव तरी ठाऊक आहे का?

चिंतनासाठी प्रश्न:
१. आपल्या घराण्यातील पहिला माणूस मुंबईत आला, तेव्हा त्याच्यासाठी शब्द कोणी टाकला होता? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा व मुलांना सांगा.
२. शाळेत दाखला, रेशनकार्ड, बँकेचा अर्ज, कामाची ओळख. ह्यांपैकी एखादी गोष्ट ह्या महिन्यात मी कोणासाठी करू शकेन?