पाथरवटाचे सूत व कलावंताची रेषा



कलावंताने जुन्या वास्तूंपासून स्फूर्ती घ्यावी, असे आपण नेहमी ऐकतो. परंतु स्फूर्ती घ्यावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा यथामती विचार करावयाचा आहे. आरंभ मी स्वतःच्या चुकीपासून करतो, कारण हा धडा मला त्या चुकीनेच शिकविला.

येथे देवास गेटच्या वस्तीत एका लहानशा देवळात माझे वडील पूजाअर्चा करतात. मंडपाला चार दगडी खांब आहेत. मी पंधरा वर्षांचा असताना महाशिवरात्रीच्या आधी त्या खांबांना पिवळा व रुपेरी तैलरंग दिला. लोकांनी कौतुक केले. दोन पावसाळे गेले आणि रंगाला फुगे आले. रंगाबरोबर दगडाचे पापुद्रेही सुटू लागले. तेव्हा एका वृद्ध पाथरवटाला बोलाविले. त्याने खांबावरून बोट फिरविले आणि एवढेच विचारले की, रंग लावण्यापूर्वी या खांबाकडे कोणी पाहिले होते काय? मला चित्रकलेची आवड होती, शाळेत त्याबद्दल बक्षीसही मिळाले होते. परंतु त्या खांबाचे एकही रेखाटन मी कधी केले नव्हते. मी निरुत्तर झालो.

सूत धरणारा तो सूत्रधार

आपण नाटकातील सूत्रधार ओळखतो. परंतु शिल्पशास्त्रात सूत्रधार म्हणजे मंदिर उभारणारा मुख्य कारागीर. हातात मापाचे सूत धरणारा. धारच्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाचे नावही ‘समराङ्गणसूत्रधार’ असेच आहे.

हे सूत कसे चाले, याचा पुरावा भोपाळजवळच्या भोजपूर येथे आजही उघड्यावर पाहावयास मिळतो. अकराव्या शतकातील ते शिवमंदिर अपुरे राहिले, आणि अपुरे राहिले म्हणूनच ते अभ्यासकाला अधिक सांगते. मंदिराच्या आसपासच्या खडकांवर स्तंभ, शिखर व तलविन्यास यांची रेखाचित्रे कोरलेली आहेत. मोठमोठे दगड वर चढविण्यासाठी रचलेला मातीचा उतारही मंदिरामागे शिल्लक आहे. दगडांवर कारागिरांच्या खुणा आहेत. म्हणजे टाकीचा पहिला घाव पडण्यापूर्वी तेथे रेषा होती, आणि रेषेच्या आधी माप होते. पाथरवट हा प्रथम चित्रकारच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

माळव्याच्या भूमिज शिखराकडे पाहिले तरी हेच प्रत्ययास येते. विदिशा जिल्ह्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर परमार राजा उदयादित्याच्या काळचे, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. त्याच्या शिखरावर एकाच शिखराची लहान लहान रूपे माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने बसविली आहेत, आणि वर जाताना ती क्रमाने लहान होत जातात. रूप एकच, परंतु माप प्रत्येक पायरीस बदलते. डोळा आपोआप कळसाकडे चढतो. ही शोभा वरून चिकटविलेली नसून प्रमाणातूनच निपजलेली आहे.

दगडाची नक्षी धाग्यात

आता प्रश्न असा की, ही शिकवण दुसऱ्या कलेत नेता येईल काय? याचे उत्तर नर्मदातीरी महेश्वरास मिळते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी (कारकीर्द १७६७ ते १७९५) तेथे राजधानी वसविली, घाट व मंदिरे यांची उभारणी केली आणि बाहेरून विणकर आणवून त्यांना आश्रय दिला. महेश्वरी लुगड्याच्या काठावरील चटई, वीट, हिरा व चमेलीचे फूल ही नक्षी तेथील किल्ल्याच्या व मंदिरांच्या भिंतींवरून घेतलेली आहे, असे विणकर सांगतात.

गतवर्षी मी इंदूरमार्गे महेश्वरास गेलो. सकाळी घाटावरील दगडी नक्षीचे रेखाटन करावे आणि दुपारी मागाजवळ बसावे, असा दोन दिवसांचा क्रम ठेवला. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. मागावर धागे दोनच दिशांना जातात, उभे आणि आडवे. त्यामुळे तिरकी रेषा विणावयाची झाल्यास ती पायऱ्यापायऱ्यांनीच चढते. गोल आकार तर फारच कष्टाने साधतो. भिंतीवर हत्ती आहेत, वेली आहेत, मूर्ती आहेत. परंतु काठावर प्रामुख्याने स्थिरावली ती वीट, चटई व हिरा यांसारखी सरळ रेषांची रूपे. विणकराने भिंतीची हुबेहूब नक्कल केली नाही. आपल्या धाग्याला जे पेलेल तेवढेच त्याने निवडले, आणि ते इतके नेमके निवडले की काठ दोन्ही बाजूंनी वापरता येईल असा विणण्याची रीत तेथे रूढ झाली. पाथरवटाने दगडाचा स्वभाव ओळखला, विणकराने धाग्याचा. दोघांच्या हाती सूतच आहे.

हा व्यवसाय मध्यंतरी खालावला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींच्या पुढाकाराने ‘रेहवा’ ही संस्था स्थापन झाली, माग पुन्हा चालू लागले आणि अनेक स्त्रियांना काम मिळाले. जुन्या भिंतीवरील एक वीट आजही कुटुंबाचा चरितार्थ चालविते, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते.

उज्जयिनीचे उदाहरण

आपल्याच नगरीतील डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर (१९१९–१९८८) हे पुरातत्त्वज्ञ म्हणून जगाला ठाऊक आहेत. परंतु ते चित्रकारही होते, आणि कलाशिक्षणासाठी त्यांनी येथे भारती कला भवन चालविले. १९५७ साली आगगाडीतून जाताना भीमबेटकाचे खडक त्यांच्या नजरेस भरले. त्याच खिडकीतून ते खडक असंख्य प्रवाशांनी पाहिले असतील. परंतु रेखाटनाने घडलेली नजरच तेथे थबकली.

तात्पर्य

यावरून असे दिसते की, वास्तूपासून घ्यावयाची वस्तू म्हणजे तिचे वरवरचे रूप नव्हे, तर तिची शिस्त होय. नुसते रूप उचलले की नक्कल होते. शिस्त उचलली की नवनिर्मिती होते. आणि ज्या वास्तूपासून शिकावयाचे ती अंगावरच्या रंगाखाली गुदमरत असेल, तर पुढील पिढीने शिकावे कोणापासून? सच्छिद्र दगडावर तैलरंग बसला की आतील ओल बाहेर पडू शकत नाही, आणि दगड आतून फुटू लागतो. तो रंग तारेच्या ब्रशाने खरवडल्यास टाकीच्या उरल्यासुरल्या खुणाही जातात. त्यासाठी जाणत्याचा हातच हवा.

यंदा आमच्या मंडपास चकचकीत फरशा लावाव्या, अशी सूचना आली आहे. मी वडिलांकडे एक महिन्याची मुदत मागितली. ते म्हणाले, “आधी काय आहे ते मला दाखव.” मी तीन खांबांची मापे घेऊन रेखाटने केली आहेत. चौथ्या खांबावरील वेल माझ्या रंगाबरोबर गळून गेली. तिचे रेखाटन आता कोणालाच करता येणार नाही.

अभ्यास

१. आपल्या घराजवळील देऊळ, वाडा अथवा घाट निवडून त्यातील एकाच नक्षीचे मापासह रेखाटन करावे.

२. ती नक्षी रांगोळीत, भरतकामात किंवा लाकडात उतरवावयाची झाल्यास काय ठेवावे लागेल व काय सोडावे लागेल, ते लिहून काढावे.

३. परिसरातील एखादा पाथरवट, गवंडी अथवा सुतार यास भेटून त्याच्या हत्यारांची नावे व उपयोग त्याच्याच तोंडून ऐकून टिपून घ्यावेत.