मण्यांनी सजवलेला भोपळा: शिकू या, पण आधी हिशोब मांडू या



दिवाळीच्या सुमारास गटांना पणत्या, कंदील, उटणं यांच्या ऑर्डर येतात. आता शहराच्या बाजूला आणखी एक मागणी दिसते, ती म्हणजे हॅलोविनचा भोपळा. म्हणून या अंकात ही वस्तू कशी करायची ते पाहू. त्यासोबत तिची किंमत कशी काढायची तेही पाहू, कारण हात चालतो पण हिशोब राहून जातो.

हे हॅलोविन काय आहे?

३१ ऑक्टोबरला पाश्चात्त्य देशांत हा सण असतो. मुलं भुतांचे वेश घालून दारोदार खाऊ मागतात आणि दारात चेहरा कोरलेला भोपळा ठेवतात. मूळ आयर्लंडचे लोक सलगम कोरायचे. अमेरिकेत गेल्यावर त्यांना मोठा भोपळा मिळाला आणि तोच रूढ झाला. गंमत म्हणजे आपण घारगे करतो तो लाल भोपळाही मूळचा अमेरिकेकडचाच. आपल्याकडे हा सण घराघरात नाही. काही इंग्रजी शाळा, कॅफे, रिसॉर्ट सजावटीपुरता करतात. म्हणजे गिऱ्हाईक थोडं आणि तेही चार दिवसांचं, हे लक्षात ठेवायचं.

कोरायचा नाही, सजवायचा

कोरलेला भोपळा आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात दोन-चार दिवसांत सडतो. पिकलेला, देठासकट अख्खा भोपळा मात्र कोरड्या, सावलीच्या जागी कित्येक आठवडे टिकतो. काही घरांत अख्खा भोपळा बाईने आधी चिरू नये म्हणतात. इथे तर कोणालाच चिरायचा नाही! डोळे, नाक, तोंड मण्यांचं वेगळं करायचं आणि वरून चिकटवायचं. सण झाला की मणी काढून ठेवायचे आणि भोपळा भाजीला घ्यायचा. म्हणून त्यावर रंग किंवा गोंद लावू नका.

साहित्य

- इस्त्रीने जुळणारे प्लॅस्टिकचे मणी. दुकानात 'फ्यूज बीड्स' किंवा 'पर्लर बीड्स' म्हणून मागा. हे नळीसारखे, साधारण ५ मिलिमीटरचे असतात.
- खुंट्यांची पाटी. मोठ्या चौकोनी पाटीवर २९ ओळी असतात. गटात एक-दोन पुरतात.
- बटर पेपर, इस्त्री, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.
- दोनेक किलोचा लाल भोपळा, पुसून कोरडा केलेला.

बांगड्यांच्या दुकानातले साधे मोती चालत नाहीत. काचेचे वितळत नाहीत आणि दुसरं प्लॅस्टिक जळून धूर करतं.

कृती

ज्यांना ठिपक्यांची रांगोळी येते त्यांना हे येतंच. तिथे ठिपके मोजतो, इथे खुंट्या.

१. डोळा: खालची ओळ ११ मणी, मग ९, ७, ५, ३, १. प्रत्येक ओळीत दोन्हीकडून एक-एक मणी कमी. एका डोळ्याला ३६, दोन डोळ्यांना ७२.

२. नाक: ५, ३, १. एकूण ९.

३. तोंड: वरची ओळ २१, मग १९, १५, ११. हसरं तोंड तयार. एकूण ६६.

४. सगळे मिळून १४७, म्हणजे १५० मणी धरा.

५. वर बटर पेपर ठेवा. इस्त्री मध्यम गरम, वाफ बंद. कागदावरून हळूहळू गोल फिरवा, साधारण १० ते २० सेकंद. मण्यांची तोंडं एकमेकांना चिकटलेली कागदातून दिसली की थांबा.

६. लगेच वर जाड पुस्तक ठेवा, नाहीतर तुकडा वाकतो. गार झाल्यावर पाटीवरून काढा, उलटा करा आणि दुसरी बाजूही तशीच इस्त्री करा.

७. टेपने भोपळ्यावर लावा. भोपळ्याच्या फाकेवर तुकडा नीट बसत नसेल तर टेपचे दोन-तीन छोटे तुकडे लावा.

काळजी: खिडकी उघडी ठेवा. इस्त्री थेट मण्यांवर किंवा पाटीवर टेकवू नका. लहान मुलं मणी तोंडात घालतात, म्हणून डबा वर ठेवा. भोपळ्याजवळ पेटती पणती ठेवू नका, मणी वितळतात. गिऱ्हाइकालाही हे सांगा. उजेड हवा असेल तर बॅटरीचा दिवा.

आता खरा धडा: किंमत

उदाहरण म्हणून आकडे धरू. तुमच्या बाजारातले दर तुम्ही घाला.

- १५० मणी, २० पैशाला एक: ३० रुपये
- भोपळा: ४० रुपये
- कागद, टेप: १० रुपये
- पॅकिंग आणि वाहतूक: २० रुपये
- एकूण खर्च: १०० रुपये

गिऱ्हाईक म्हणालं, "१३० ला द्या." आपण म्हणतो, चला, ३० रुपये सुटले. पण मणी लावायला एक तास, इस्त्री आणि गार करायला अर्धा, चिकटवून बांधायला अर्धा, असे दोन तास गेले. म्हणजे तासाला १५ रुपये पडले.

२०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९. दोन तासांचे ७८. खर्च १०० अधिक मजुरी ७८, म्हणजे १७८. १८० रुपयांच्या खाली हा भोपळा द्यायचा नाही. नफा त्याच्या वर.

आणि ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे द्राक्षाच्या छाटणीचा हंगाम. बागेत रोज मिळत असताना ती बाई घरी मणी लावत बसली, तर तिचा बुडालेला रोज कोण भरणार? "रिकाम्या वेळात करते" असं आपण सहज म्हणतो. पण स्वयंपाक, पाणी, जनावरं, शेत झाल्यावर उरतो तो वेळ रिकामा नसतो, तो झोपेतून काढलेला असतो. त्याचे पैसे धरायलाच हवेत.

गटाने काय करावं?

- यासाठी सुरुवातीलाच कर्ज उचलू नका. वर्गणी काढून एक पाकीट आणा, दोन नमुने करा, फोटो काढा.
- ऑर्डर आल्यावरच माल करा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. "विकलं तर पैसे, उरलं तर परत" हे मान्य करू नका. १ नोव्हेंबरला हा माल कोणी घेत नाही.
- त्याच पाटीवर पणती, कंदील, मोर शिका. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. रुखवतातला नारळ आणि कलश आपण मोत्यांनी सजवतोच, तिथे हे तुकडे शोभतात. उरलेले मणी वाया जात नाहीत.
- कोणी किती तास दिले याची वही ठेवा. पैसे त्याप्रमाणे वाटा, म्हणजे कुरबूर होत नाही.

पुढच्या बैठकीत बोलू या

१. आपला गट सध्या विकतो त्या एका वस्तूला किती तास लागतात? ते किमतीत धरले आहेत का?

२. तासाची मजुरी किती धरायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवून ठराव वहीत लिहिता येईल का?

३. मजुरी सुटत नसेल तर ती वस्तू बंद करायची, की दर वाढवायचा?

उत्तरं ग्रामसंघाच्या बैठकीला लिहून आणा. हिशोबात अडलं तर मला गटाच्या बैठकीला बोलवा, आपण सोबत बसून मांडू.

— तुमची क्षेत्र समन्वयक