सांधे बरे वाटले तरी लघवी तपासा

ल्युपसचं निदान झाल्यापासून आमच्या घरी माझी तब्येत सांध्यांवरून ठरत असे. बोटं दुखत नाहीत, गालावरची लाली ओसरली, म्हणजे आजार आटोक्यात. त्या पावसाळ्यात मी रोवणीला बांधीत उतरले होते, इतकी ठणठणीत. नागपूरला नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी लघवी मागितली. बाटलीत पांढरा फेस आला होता आणि तो बराच वेळ विरलाच नाही.

रिपोर्टमध्ये लघवीत प्रथिनं भरपूर, रक्तात अँटी-डीएसडीएनए वाढलेलं, सी3 आणि सी4 ही पूरक प्रथिनं घटलेली. डॉक्टरांनी समजावलं: या आजारात शरीर आपल्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती किडनीच्या गाळणीत साचतात, तिथे सूज येते आणि प्रथिनं लघवीवाटे जाऊ लागतात. दुखत मात्र काहीच नाही. पायांवर सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं.

मग किडनीची बायोप्सी झाली. पालथं झोपवून, जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुईने दोऱ्याएवढा तुकडा काढतात. सुईपेक्षा भीतीच मोठी होती. बायोप्सी टाळू नका. किडनीच्या सुजेचा नेमका कोणता प्रकार आहे, हे कळल्याशिवाय औषध ठरवणं कठीण जातं. मला चौथा प्रकार निघाला. स्टेरॉइड, मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं.

आमच्याकडे धानाच्या हंगामात कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणायची पद्धत आहे. किडनीवर सूज असताना ती गोळी घातक ठरू शकते. स्टेरॉइड बरं वाटलं म्हणून एकाएकी बंद करू नये. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहू देऊ नये. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं, औषध बदलता येतं. नव्या सुनांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. उन्हाने आजार भडकतो, तेव्हा शेतात जाताना पूर्ण बाह्या आणि डोक्यावर दुपट्टा हवाच.

एकदा निदान झालं की एएनए ही निदानासाठीची रक्ततपासणी पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालू नका. अँटी-डीएसडीएनए, सी3, सी4 आणि लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन प्रमाण, यांवर लक्ष ठेवा. हे प्रमाण 0.5 च्या वर गेलं तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

साकोली, लाखनी, पवनीकडच्या माझ्या बहिणींनो, काहीही होत नसलं तरी दर तीन महिन्यांनी लघवी आणि बीपी तपासून घ्या.