गोल्फच्या चेंडूचा सांधा कुठे असतो?

प्रश्न : येरवड्याच्या गोल्फ मैदानाजवळ आमच्या मुलाला एक चेंडू सापडला. करवतीने कापला, तर आत नुसतं टणक रबर निघालं. वडील म्हणतात, आत रबरी दोरा गुंडाळलेला असतो. मग हा चेंडू नकली का? आणि वरून सांधा दिसत नाही, तर रबर आत गेलं कसं? खळगे एकेक करून कोरतात का?

उत्तर : चेंडू अस्सल आहे आणि वडीलही बरोबर आहेत. रबरी धागा ताणून गुंडाळलेला चेंडू अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांनी १८९८ मध्ये काढला आणि तो जवळजवळ शंभर वर्षं चालला. २००० च्या सुमारास भरीव गाभ्याच्या चेंडूंनी त्याची जागा घेतली. जुना धाग्याचा चेंडू सापडला तर मात्र मुलाला कापू देऊ नका. त्यातल्या काहींच्या पोटात दाबाखाली द्रव असतो आणि तो थेट डोळ्यांत उडू शकतो.

तुमच्या चेंडूचा गाभा पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराचा आहे. त्यात झिंकची संयुगं आणि पेरॉक्साइड मिसळून कणकेसारखा मऊ गोळा मळतात, त्याची कांडी काढून तुकडे पाडतात आणि ते तापलेल्या साच्यात दाबतात. उष्णतेने पेरॉक्साइड रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधतं, म्हणून मऊ गोळा काही मिनिटांत टणक आणि उसळता होतो. मग घासून सगळे गाभे एका मापाचे करतात. नियमानुसार पुरा चेंडू ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड आणि ४२.६७ मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे मिश्रणाचं वजन आधीपासूनच सांभाळावं लागतं.

खळगे कोणी कोरत नाही. कवचाच्या साच्याला आतून तितकेच उंचवटे असतात. गाभा मधोमध ठेवून भोवती वितळलेलं प्लॅस्टिक सोडलं की ते उंचवट्यांभोवती भरतं आणि बाहेर येतो तो तीन-चारशे खळग्यांचा चेंडू. खळग्यांची संख्या नियमात ठरलेली नाही. त्यांचा उपयोग शोभेचा नाही. खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा पातळ थर खळबळतो, पृष्ठभागाला जास्त वेळ चिकटून राहतो आणि चेंडूमागची ओढ घटते. गुळगुळीत चेंडू तितक्याच फटक्यात जेमतेम निम्मं अंतर जाईल.

आता तुमचा खरा पेच. गाभा मधोमध अधांतरी राहतो कसा? साच्यातून बारीक पिना आत आलेल्या असतात, त्या गाभ्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. प्लॅस्टिक भोवती भरलं की ते घट्ट होण्याच्या ऐन आधी पिना मागे सरकतात आणि त्यांची भोकं त्याच प्लॅस्टिकने बुजतात. क्षणभर लवकर सरकल्या तर गाभा कलतो, उशीर झाला तर भोकं राहतात. सगळ्या कारखान्यात मला हेच काम सर्वांत अवघड आणि देखणं वाटतं. महागड्या चेंडूंचं कवच युरेथेनचं असतं. तिथे द्रव साच्यात ओतून त्यात गाभा अलगद उतरवतात.

साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथे सांधा उमटतोच. बाहेर आलेली कड छाटून, घासून काढतात आणि वर रंगाचे थर देतात, म्हणून तो दिसत नाही. काही साच्यांत तर ही रेष सरळ न ठेवता खळग्यांच्या मधून नागमोडी फिरवलेली असते. शेवटी सिलिकॉनच्या मऊ उशीने नाव छापतात. उशी दबते, म्हणून खड्ड्यातही शाई पोचते.

गाभा मधोमध आहे का, हे कारखान्यात क्ष-किरणांनी तपासतात. घरी पाहायचं तर दुसरा न कापलेला चेंडू घ्या. पेल्यातल्या पाण्यात तो तरंगेपर्यंत मीठ विरघळवा, वर आलेल्या जागी पेनाने ठिपका काढा आणि चेंडू फिरवून सोडा. प्रत्येक वेळी तोच ठिपका वर आला, तर त्याच्या विरुद्ध बाजू जड आहे. असा चेंडू हिरवळीवर हळू टोलला की सरळ रेषा सोडून बाजूला सरकतो.