जोडीचा बोर्ड घेताना

अगं, दोन प्रोसेसरचं मशीन जुळवायचं म्हणतेस, तर मामाचं एक ऐक. आधी बोर्ड बघ, प्रोसेसर मागाहून. जुने झिऑन चिक्कार मिळतात. दोन सॉकेटचा धड बोर्ड शोधताना मात्र चपला झिजतात.

सेकंडहँड बोर्ड असेल तर सॉकेटवरचं झाकण काढायला लावायचं. एलजीए 2011 मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात, 2011 पिना. मोबाईलचा टॉर्च तिरका धर. सगळ्या एका रांगेत चमकल्या पाहिजेत. एखादी जरी आडवी दिसली तर बोर्ड तिथेच ठेवून ये. मी एकदा घाईत बघितलं नाही. आठ-आठ जीबीच्या आठ स्टिक लावल्या, लिनक्सला दिसले 56. दोन दिवस रॅमला शिव्या घातल्या. निघाली एक वाकडी पिन!

प्रोसेसरचं नाव नीट वाच. ई5-2670 मधला पहिला 2 म्हणजे दोन सॉकेट. ई5-1650 कितीही पळो, जोडीने चालत नाही. एएमडीच्या एपिकमध्ये शेवटी पी असेल तर तोही एकटाच. ई5 च्या नावापुढे व्ही3, व्ही4 असेल तर सॉकेट 2011-3 हवा, साध्या 2011 वर तो बसत नाही. दोन्ही प्रोसेसरच्या पाठीवरचा कोड सारखाच हवा. ‘कॉन्फिडेन्शियल’ छापलेला नमुना फुकट दिला तरी नको.

रॅम दोघांत वाटून लाव. सगळी एकाकडे लावलीस तर दुसरा सारखा शेजाऱ्याकडे मागत बसणार. बोर्ड कॅबिनेटमध्ये मावतो का, आणि पॉवर सप्लायला प्रोसेसरच्या आठ पिनांच्या दोन वायरी आहेत का, तेही बघून घे.

आमच्या वेळी, 1999 साली, अबिटच्या बीपी6 वर हौशी पोरं दोन सेलेरॉन चालवायची. विंडोज 98 ला दुसरा दिसायचाच नाही, लिनक्सला दिसायचा. तेव्हा त्याचं अप्रूप होतं. आज एकाच रायझनमध्ये 16 कोर मिळतात. नुसतं कोड लिहायचं, ब्राउझर चालवायचा, तर जोडीच्या नादी लागूच नकोस. दिवसभर कंपाइल नाहीतर डझनभर व्हर्च्युअल मशीन चालवणार असशील तरच घे.

आणि जाताना पेनड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स ने. दुकानातच एलएससीपीयू कमांड दे. त्यात सॉकेट 2 आणि लिनक्सला रॅम पूर्ण दिसल्याशिवाय पाकिटाला हात लावू नकोस.