पाणी कुठून जातं ते आधी बघ

आपल्या घरात मामा भाच्याच्या पाया पडतो, तेव्हा तुला रागावणं मला जमायचं नाही. पण परवा भर दुपारी मासुलकसा घाटातून तुझा फोन आला, "मामा, पाणी उकळतंय, झाकण उघडू का?" आणि माझ्या छातीत धस्स झालं. तू विचारलंस हे फार बरं केलंस. माझ्या मनगटावरचा तो पांढरा डाग तू लहानपणापासून बघतोस. मी तुझ्या वयाचा असताना कुणाला न विचारता झाकण फिरवलं होतं, त्याचा तो आहे.

रेडिएटरचं झाकण म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. ते दाब धरून ठेवतं. झाकणावर ०.९ लिहिलेलं असेल तर आत तेवढा दाब राहतो आणि साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलंस की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. म्हणून काटा लाल खुणेकडे निघाला की गाडी सावलीला घे आणि बॉनेट उघड. पाणी आत असेल, नुसता काटाच चढत असेल, तर इंजिन थोड्या वाढीव रेसवर चालू ठेव, पंखा ते थंड करेल. पाणी वाहून गेलं असेल तर मात्र ताबडतोब बंद कर. मग पाऊण तास काही करू नकोस. वरचा पाइप मुठीत धरता आला आणि दाबला की मऊ लागला, तरच ओलं गोणपाट टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरव आणि थांब. फुसफुस संपली की काढ. तापल्या इंजिनात बोरिंगचं गार पाणी कधी ओतायचं नाही. बिडाचा ब्लॉक तडकतो, आणि तडकलेला ब्लॉक देवरीत काय, नागपुरातही कुणी नव्यासारखा करून देत नाही. कोमट झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं पाणी भर.

आता तुझ्या गाडीचं बोलू. तुझी एमएम ५४० भंडारा आणि गोंदिया एकच जिल्हा होते तेव्हाची. त्या बॉडीचं मूळ विलीजच्या जीपमध्ये आहे. महिंद्रानं त्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या, आणि पुढं ५४० ला प्यूजोचं २११२ सीसीचं एक्सडीपी डिझेल इंजिन आलं. तुझ्या आधीच्या मालकानं ते उतरवून २५२३ सीसीचं डीआय बसवलं. तू म्हणतोस, इंजिन मोठं झालं आणि रेडिएटर जुनाच राहिला, म्हणून तापते, नवा मोठा रेडिएटर घेऊ. थांब. एक्सडीपी आधी एका छोट्या कप्प्यात डिझेल पेटवायचं, म्हणून त्याला हीटर प्लग लागायचे आणि त्याची बरीच उष्णता पाण्यात जायची. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनवर पेटतं, त्याच कामाला पाण्यात उष्णता कमी जाते. रेडिएटरची जाळी आतून मोकळी असेल तर तो तुझ्या इंजिनाला पुरण्यासारखा आहे. पैसे घालण्याआधी पाणी कुठून जातं ते बघ.

धानाच्या बांधीत रात्री पाणी भरलं आणि सकाळी चिखल उघडा पडला, तर आपण काय करतो? दुसरी मोटर आणत नाही. धुऱ्यावरून अनवाणी फिरतो, पायाला गार लागतं तिथं वाकतो, आणि खेकड्याचं भोक सापडतं. बहुतेक वेळा ते जुना धुरा आणि नवी माती जिथं जोडली तिथंच असतं. इंजिन बदललेल्या गाडीचं अगदी तसंच आहे. प्यूजोवाल्यांनी आपलं काम नीट केलं होतं, डीआय करणाऱ्यांनीही केलं होतं. त्या दोघांच्या वस्तू एकमेकींना जोडताना जे काही गॅरेजमध्ये केलं गेलं, तिथं कारखान्याचं कुणी नव्हतं. आधी तिथं बघायचं.

तुझ्या गाडीचा वरचा पाइप मी मागं तू आलास तेव्हा हात लावून पाहिला. रेडिएटरचं तोंड आणि इंजिनाचं तोंड समोरासमोर येत नाही, म्हणून रबराचे दोन तुकडे घेऊन मधे लोखंडी नळी घातली आहे. चार क्लिपा झाल्या, म्हणजे चार खेकडे. आणि ती नळी कापल्या कापल्या घातली आहे, तिच्या टोकाला उंचवटाच नाही. कारखान्याची कुठलीही नळी बघ, टोकाजवळ एक गोल वळी उठवलेली असते. रबर तिच्यावरून चढतं, क्लिप तिच्या मागं बसते, आणि दाब आला तरी पाइप सरकत नाही. सपाट नळीवर तू क्लिप कितीही आवळ, घाटात दाब चढला की रबर केसाकेसानं मागं येतं. मग आपण आणखी आवळतो, क्लिप रबरात रुतते, आणि पाइप तिथंच चिरतो. वेल्डरकडून नळीच्या दोन्ही टोकांना बारीक वळी चढवून घे, कानशीनं गुळगुळीत कर आणि रंग दे. त्याहून चांगलं म्हणजे एकसंध पाइप मिळव. जाड तार वाकवून दोन्ही तोंडांमधलं नेमकं वळण घे आणि ती तार घेऊन दुकानात जा. ट्रकचे, ट्रॅक्टरचे, जुन्या मोटारींचे पाइप तिला लावून बघ. कुठला तरी पाइप दोन इंच कापला की बसतो. हे शोधायला दिवस गेला तरी जाऊ दे. माझ्या मते तुझ्या गाडीचं निम्मं दुखणं या एका पाइपात आहे.

इंजिन चालू करताना ते कसं हलतं तेही बघ. डीआय झटका देतं. रबराचे माउंटिंग बसले असतील तर इंजिन एका बाजूला लवतं आणि पाइप ब्रॅकेटला घासतो. घासल्याची काळी चकाकी दिसली की पाइप फुटायची वाट बघू नको. खालचा पाइप तर वेगळाच धोका देतो. तो पाणी ओढणाऱ्या बाजूला असतो, आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर जोरात रेस केल्यावर चपटा होतो आणि पाणी अडतं. उभ्या गाडीत तो ठणठणीत दिसतो, म्हणून एकानं रेस करायची आणि दुसऱ्यानं खाली वाकून बघायचं. सकाळी थंड गाडीचा वरचा पाइप चपटा दिसला तर तो दोष झाकणाचा. झाकणात आत हवा-पाणी परत घेणारा लहान वॉल्व्ह असतो, तो चिकटतो. नवीन झाकण स्वस्त आहे, पण जुन्यावर लिहिलेला आकडा बघूनच घे. जास्त दाबाचं झाकण लावून गळती थांबत नाही, ती दुसरीकडून फुटते.

थेंब शोधायची माझी रीत साधी आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसर, चाकांच्या जागा खडूनं आखून ठेव. सकाळी डाग कुठं पडलाय ते कळतं. पण थेंब जिथं पडला तिथूनच निघाला असं धरू नको, तो खालच्या कडेनं चालत येतो. इंजिन धुऊन वाळव, संशयाच्या जागी खडूची पूड चोळ, मग गाडी गरम कर. पांढऱ्यावर ओली रेघ उठते, तिच्या वरच्या टोकाला गळती. कुलंट वाळलेल्या जागी हिरवट-पांढरी खरड राहते, तीही साक्ष देते. काही गळत्या फक्त थंडीत होतात, कारण रबर आकसतं, आणि गरम झाल्यावर आपोआप मिटतात. त्यांना पकडायला थंड इंजिनावर हातपंपानं दाब देऊन बघावं लागतं. झाकणावर लिहिलेल्या आकड्यापलीकडे दाब न्यायचा नाही.

वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं. तिथून थेंब येत असेल तर आतलं सील गेलं. ते भोक कारखान्यानं मुद्दाम ठेवलेलं असतं, पाणी बेअरिंगकडे न जाता बाहेर पडावं म्हणून. एकानं माझ्या डोळ्यांदेखत तिथं एम-सील भरून गळती बंद केली होती. आठ दिवसांत बेअरिंग वाजायला लागलं, पंख्याचं पातं रेडिएटरच्या जाळीत शिरलं. आणि ब्लॉकच्या भोकांत पत्र्याच्या वाट्या ठोकलेल्या असतात, त्या गंजून पाझरतात. गिअरबॉक्सकडच्या बाजूची पाझरली तर ती बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

हळदीचं विचारलं होतंस. हो, रेडिएटरात चमचाभर हळद टाकली की बारीक छिद्र बुजतं, मी स्वतः चिचगडच्या जंगलातून तशी गाडी घरी आणली आहे. पण तिचं काम घरी पोचण्यापुरतं. घरी आल्यावर सगळं पाणी काढून धुवावं लागतं, नाही तर तीच हळद जाळीच्या बारीक नळ्यांत बसते. फुटलेल्या पाइपावर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळ, झाकण पहिल्या खाचेवर ठेव म्हणजे दाब चढणार नाही, आणि हळू चालव. डिझेलची टाकी पाझरली तर कपड्याचा साबण घासून भर, तो डिझेलमध्ये विरघळत नाही. गाडीत ट्यूबची पट्टी, दोन क्लिपा, साबण आणि पाण्याचा डबा कायम ठेव. पितळी रेडिएटरला छिद्र असेल तर रेडिएटरवाल्याकडून कथलाचा डाग देऊन घे, चांगला टिकतो.

थर्मोस्टॅट काढून टाक, असं तुला कुणीही सांगेल. मलाही सांगितलं होतं आणि मी ऐकलं. गाडी थंड राहायला लागली म्हणून खूश झालो. हिवाळ्यात ती तापेचनाशी झाली, धूर मारायची, डिझेल जास्त प्यायची. इंजिनाला बेताची ऊब लागते. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट तेवढ्यासाठीच असतो. संशय असेल तर तो पातेल्यात पाण्यात टांगून चुलीवर ठेव. पाणी उकळायच्या बरंच आधी उघडला पाहिजे, नाही उघडला तर नवा टाक.

तुझ्या गाडीत हवाही अडकते आहे असं मला वाटतं. नवीन इंजिनाचं वरचं तोंड रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच बसलंय. पाणी भरताना हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते, काटा कधी वर कधी खाली उड्या मारतो. भरताना गाडीचं तोंड चढावर कर, तळ्याच्या पाळीवर चढवतात तशी, म्हणजे झाकण सगळ्यात वर येईल. वरचा पाइप सावकाश दाब आणि सोड, बुडबुडे संपेपर्यंत.

तापते कधी, ते लक्षात ठेव. सिरपूरच्या नाक्यावर रांगेत उभी असताना तापली तर पंखा बघ. डीआय मागं-पुढं बसल्यामुळे पंखा जाळीपासून लांब गेला असेल, किंवा मधलं पत्र्याचं कवच काढून टाकलं असेल. इंजिन चालू असताना वर्तमानपत्राचा कागद समोरून जाळीला लाव. तो चिकटून राहिला तर पंखा ओढतोय. वेगात तापली तर जाळी आतून भरलेली, किंवा खालचा पाइप. मळणीच्या दिवसांत धानाचा भुसा जाळीत बसतो, तो इंजिनाकडून बाहेर पाणी मारून काढायचा. समोरून मारलंस तर आणखी आत जातो. आणि तू समोर लावलेले ते चार मोठे दिवे काढ. वाराच अडवतात.

पाणी विहिरीचं घालू नको. अंघोळीच्या हंड्यात जो पांढरा थर जमतो तोच ब्लॉकमध्ये जमतो. बॅटरीचं पाणी आणि कुलंट निम्मं निम्मं. हिरव्यात लाल मिसळायचं नाही. काढलेलं कुलंट अंगणात ओतू नको, ते गोड असतं आणि विषारी. कुत्रं चाटतं, शेळी चाटते, आणि मूत्रपिंड जातं.

झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केल्यावर रेडिएटरात सतत बुडबुडे आले, ऑइल चहासारखं झालं, किंवा झाकण लावल्यावर पाइप दोन मिनिटांत टणक झाला, तरच हेड पॅकिंगचा विचार कर. त्याआधी हेड खोलू देऊ नको.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. जुना काटा आणि नव्या इंजिनाचा सेन्सर जुळत नसेल तर तो खोटं सांगतो. इंजिन आणि चेसिसमधली अर्थिंगची पट्टी इंजिन बदलताना बहुतेक राहूनच जाते, ती जाड घाल.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर लागते. तुझ्या आरसीवर अजून प्यूजोचाच नंबर आहे. अपघात झाला तर विमावाले आधी तेच बघतील. गोंदियाला जाऊन आरटीओत विचार, आधीच्या मालकाकडून इंजिनाची पावती मिळव. हे पाइपाइतकंच तातडीचं आहे.

शनिवारी संध्याकाळीच ये, रविवारी ऊन चढायच्या आत बघू. रात्री गाडी चालवू नको, इंजिन थंड हवं. पुठ्ठा आणि तार मी काढून ठेवली आहे. येताना पुलाजवळच्या वेल्डरला विचार, रविवारी दुकान उघडतो का.