क्लास घेण्याआधी ओमेका व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका

वर्ध्यातल्या एखाद्या ग्रंथालयाचे जुने फोटो, पत्रं नोंदवून ऑनलाइन कशी ठेवायची हे शिकवायचंय? मग ओमेका एस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. शोधगंगा चालते ते डीस्पेसही मोफतच, पण नवशिक्यांना जड जातं. फक्त बिलिंगच्या कॉम्प्युटरवर थेट प्रयोग नको.

१. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू सर्व्हर टाका. कॉम्प्युटरला ८ जीबी रॅम असेल तर मशीनला २ जीबी द्या.
२. आत अपाची, मायएसक्यूएल, पीएचपी आणि मग ओमेका. डेटाबेसचं नाव-पासवर्ड त्याच्या सेटिंग फाइलमध्ये भरा.
३. नेटवर्क नॅटवर असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग करा: होस्ट ८०८०, गेस्ट ८०. नाहीतर ब्राउझरमध्ये पान उघडणारच नाही.
४. सगळं चाललं की मशीन बंद करून स्नॅपशॉट घ्या. पोरांनी बिघडवलं तरी रिस्टोर केलं की झालं.

पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे! हार्डडिस्क गेली की तोही गेला. म्हणून ओव्हीए फाइल एक्सपोर्ट करून वेगळ्या डिस्कवर ठेवा. तीच प्रत्येक पीसीवर इम्पोर्ट करा.

सरावाला सेवाग्रामच्या बापूकुटीचे स्वतः काढलेले फोटो द्या. शीर्षक, तारीख, हक्क भरायला लावा. नोंद नसेल तर फोटो असूनही शोधताना सापडत नाही. शिकवायचं ते हेच.